अढळ नसलेला ध्रुव
रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षणातून उलगडलेले विश्वाचे स्वरूप. सातारा-सांगलीच्या आकाशातूनही घेता येणारा वेध

प्रतिनिधी, सातारा/सांगली

स्थैर्याची उपमा द्यायची झाली की मराठी माणसाला ध्रुवतारा आठवतो. अढळपद मिळालेल्या बाळाची कथा घराघरांत सांगितली जाते. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले, तर क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंश उंचीवर हा तारा रात्रभर एकाच जागी दिसतो. मात्र त्याची जागा अढळ भासत असली तरी त्याचे तेज अढळ नाही. सुमारे चार दिवसांच्या आवर्तनाने तो किंचित फुगतो आणि आकसतो, व त्याबरोबर त्याचा प्रकाशही वाढतो आणि कमी होतो. हा फरक इतका सूक्ष्म आहे की नुसत्या डोळ्यांना तो जाणवत नाही. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ मध्ये छायाचित्रांच्या साहाय्याने तो सिद्ध केला. अढळपदाचे प्रतीक मानला गेलेला हा तारा शास्त्राच्या वर्गीकरणात ‘सेफीड’ नावाच्या बदलत्या ताऱ्यांत मोडतो. इतकेच नव्हे, तर तो आपल्याला सर्वांत जवळचा सेफीड आहे.

ज्यांचे तेज काळानुसार बदलते, अशा ताऱ्यांना मराठीत ‘रूपविकारी तारे’ किंवा ‘चल तारे’ म्हणतात. सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने ‘रूपविकारी’ ही संज्ञा स्वीकारली आहे. रूपात विकार, म्हणजे बदल, होणारा तो रूपविकारी. वरवर पाहता हा खगोलशास्त्राचा एक आडबाजूचा विषय वाटेल. परंतु विश्व किती मोठे आहे, त्याचे वय किती, ते प्रसरण पावते आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे माणसाला प्रथम मिळाली ती या ताऱ्यांकडूनच.

तेजाचे मोजमाप

ताऱ्याचे तेज ‘प्रत’ या मापाने सांगितले जाते. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा १०० पट तेजस्वी असतो. म्हणजेच एका प्रतीचा फरक हा तेजातील सुमारे अडीच पटींचा फरक होय. निर्मळ व काळोख्या आकाशात निरोगी डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात; शहरात ही मर्यादा तिसऱ्या-चौथ्या प्रतीवर येऊन थांबते.

रूपविकारी ताऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात तारा स्वतः बदलत नाही, पण त्याच्यासमोरून दुसरा तारा जात असल्याने त्याचा प्रकाश काही काळ अडतो. यांना ग्रहणकारी युग्मतारे म्हणतात. दुसऱ्या वर्गात बदल खुद्द ताऱ्यातच घडतो. तो स्पंदन पावतो, वायूचे थर बाहेर टाकतो किंवा त्याचा स्फोट होतो. ताऱ्याच्या तेजाची दररोजची नोंद आलेखावर मांडली की जो वक्र तयार होतो, त्याला प्रकाशवक्र म्हणतात. निष्णात वैद्य नाडीवरून प्रकृतीची परीक्षा करतो, त्याप्रमाणे खगोलशास्त्रज्ञ या प्रकाशवक्रावरून ताऱ्याची परीक्षा करतो.

ययातीच्या कुटुंबात

उत्तर आकाशातील काही तारकासमूहांना मराठीत महाभारतातील ययातीच्या आख्यानावरून नावे देण्यात आली आहेत. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आणि वृषपर्वा हे सारे एकमेकांच्या शेजारी आहेत. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकर यांना ज्या कादंबरीने १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून दिला, तिच्यामुळे हे कुटुंब मराठी वाचकांच्या चांगलेच परिचयाचे आहे. रूपविकारी ताऱ्यांच्या इतिहासातील दोन महत्त्वाचे तारे नेमके याच कुटुंबात सापडतात, हा एक सुखद योगायोग म्हणावा लागेल.

त्यांपैकी पहिला ययाति समूहातील अल्गॉल. एरवी २.१ प्रतीचा हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावून ३.४ प्रतीपर्यंत उतरतो. त्या वेळी त्याचा प्रकाश नेहमीच्या एकतृतीयांशाहूनही कमी होतो. मंदावणे आणि पूर्ववत होणे हा सारा प्रकार सुमारे १० तासांत आटोपतो. अल्गॉलच्या बदलाची नोंद इटलीतील जेमिनियानो मोंतानारी यांनी सतराव्या शतकात केली होती. परंतु त्यामागील नियमितता शोधून काढली ती इंग्लंडमधील यॉर्क येथील जॉन गुडरिक या तरुणाने. लहानपणीच्या आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली होती. १७८२-८३ मध्ये रात्रीमागून रात्र अल्गॉलचे निरीक्षण करून त्याने आवर्तकाल निश्चित केला. एखादा काळोखा सोबती या ताऱ्याभोवती फिरत असावा व तो आड आल्यामुळे तारा मंद होत असावा, असा तर्कही त्याने मांडला. तेव्हा तो अवघा १८ वर्षांचा होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने १७८३ चे कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला. १७८६ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याचा तर्क बरोबर असल्याचा पुरावा जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी वर्णपटाच्या आधारे दिला, तो १८८९ मध्ये. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी.

पुढे अल्गॉलने एक कोडेही घातले. तारा जितका जड, तितका तो आपले इंधन लवकर संपवतो व लवकर वृद्ध होतो, हा तारकाशास्त्राचा पायाभूत नियम आहे. अल्गॉलच्या जोडीत मात्र वृद्ध, फुगलेला तारा वजनाने हलका आणि तरुण दिसणारा तारा जड आहे. एकाच वेळी जन्मलेल्या जोडीत असे कसे घडावे? याचे उत्तर असे, की आज हलका असलेला तारा मुळात जड होता. तो आधी वृद्ध होऊन फुगला आणि त्याचे बाहेरचे द्रव्य सोबत्याने आपल्याकडे ओढून घेतले. कथेतील ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले होते. आकाशातील ययातीच्या घरात वृद्धाचे द्रव्य तरुणाकडे गेले आहे. जोडीने राहणाऱ्या ताऱ्यांमध्ये अशी देवघेव होते, हे अल्गॉलसारख्या ताऱ्यांमुळे समजले. पुढे नवताऱ्यांचे आणि काही अतिदीप्त नवताऱ्यांचे गूढ उकलण्यास हीच जाण उपयोगी पडली.

शिट्टी आणि वाफ

दुसरा महत्त्वाचा तारा म्हणजे वृषपर्वा समूहातील डेल्टा. याचाही शोध गुडरिकनेच १७८४ मध्ये लावला. त्याच वर्षी त्याचा शेजारी व सहकारी एडवर्ड पिगॉट याला गरुड समूहातील ईटा हा तारा बदलता असल्याचे आढळले. वृषपर्वा समूहाच्या पाश्चात्त्य नावावरून या प्रकारच्या ताऱ्यांना सेफीड म्हणतात. डेल्टा ५.३७ दिवसांत ३.५ प्रतीपासून ४.४ प्रतीपर्यंत जाऊन परत येतो. तेज वाढताना ते झपाट्याने वाढते आणि उतरताना मात्र सावकाश उतरते.

येथे कोणताही सोबती आड येत नाही. तारा स्वतःच फुगतो व आकसतो. याचे कारण समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरातील कुकर आठवावा. वाफ कोंडली की दाब वाढतो, शिट्टी उचलली जाते, वाफ निसटते, दाब घटतो आणि शिट्टी पुन्हा खाली बसते. सेफीडच्या अंतरंगात शिट्टीचे हे काम हेलियमचा एक थर करतो. तारा आकसला की हा थर तापतो, त्यातील हेलियमच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि थर अपारदर्शक बनतो. आतून येणारी ऊर्जा त्यामागे कोंडते व थराला बाहेर ढकलते. तारा फुगला की थर थंड व पारदर्शक होतो, कोंडलेली ऊर्जा निसटून जाते आणि गुरुत्वाकर्षणामुळे तारा पुन्हा आकसू लागतो. झडपेची ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांची. हेलियमच्या थराचा तपशील १९५० च्या दशकात स्पष्ट झाला.

आकाराने मोठ्या ताऱ्याला एक स्पंदन पुरे करण्यास अधिक वेळ लागतो, आणि मोठा तारा स्वाभाविकच अधिक प्रकाश देतो. साध्या वाटणाऱ्या या संबंधातूनच विश्व मोजण्याची फूटपट्टी तयार झाली.

काचेवरचे ठिपके

ही फूटपट्टी घडविणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत काम करीत. गुडरिकप्रमाणे त्यांचीही श्रवणशक्ती अधू होती. त्या काळी तेथील स्त्रियांना दुर्बिणीवर काम दिले जात नसे. छायाचित्रांच्या काचा तपासून ताऱ्यांची मोजमापे घेणे एवढेच त्यांच्या वाट्याला येई. दक्षिण गोलार्धातून दिसणाऱ्या मॅगेलन मेघांच्या पेरू देशात घेतलेल्या छायाचित्रांतून लेव्हिट यांनी १,७७७ रूपविकारी तारे शोधून काढले व १९०८ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध केली. लहान मॅगेलन मेघातील २५ ताऱ्यांचा बारकाईने अभ्यास करून १९१२ मध्ये त्यांनी नियम मांडला : आवर्तकाल जितका दीर्घ, तितका तारा मूळचा तेजस्वी. हे सर्व तारे एकाच मेघात असल्याने आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर होते. त्यामुळे त्यांच्या दिसणाऱ्या तेजातील फरक हा खऱ्या तेजातील फरकच होता.

याचे महत्त्व एका उदाहरणाने लक्षात येईल. सांगलीच्या आयर्विन पुलावर रात्री उभे राहून दूरवर एक दिवा दिसला, तर तो जवळचा मिणमिणता दिवा आहे की लांबचा प्रखर, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पण तो किती वॅटचा आहे हे कळले, तर त्याच्या दिसणाऱ्या मंदपणावरून अंतर काढता येते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एकचतुर्थांश होतो, हा नियम सर्वत्र सारखाच लागू पडतो. सेफीडचा आवर्तकाल म्हणजे त्या दिव्यावर लिहिलेले वॅटचे आकडेच होत. ३१ दिवसांचा सेफीड हा ५ दिवसांच्या सेफीडपेक्षा पाच-सहा पट तेजस्वी असतो. तो आकाशात कोठेही दिसला तरी घड्याळ आणि प्रकाशमापक यांच्या जोरावर त्याचे अंतर सांगता येते.

आकाशगंगेपलीकडे

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शास्त्रज्ञांपुढे एक मोठा वाद होता. देवयानी समूहात धूसर डागासारखा दिसणारा ‘तेजोमेघ’ हा आपल्या आकाशगंगेचाच भाग आहे, की ती एक स्वतंत्र दीर्घिका आहे? कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी ऑक्टोबर १९२३ मध्ये देवयानीचे छायाचित्र घेतले. त्यातील एक ठिपका त्यांना प्रथम नवतारा वाटला. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता तो आलटूनपालटून वाढणारा व मंदावणारा तारा निघाला. हबल यांनी काचेवर लिहिलेले नवताऱ्याचे अक्षर खोडले आणि रूपविकारी असल्याची खूण उद्गारचिन्हासह केली. तो ३१.४ दिवसांचा सेफीड होता. लेव्हिट यांच्या नियमानुसार अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. आकाशगंगेच्या सीमेपलीकडचे हे अंतर होते. १ जानेवारी १९२५ रोजी हा निष्कर्ष जाहीर झाला. आपली आकाशगंगा म्हणजेच संपूर्ण विश्व नव्हे, हे एका ताऱ्याच्या चढउताराने सिद्ध केले.

सेफीडच्या साहाय्याने आणखी दीर्घिकांची अंतरे काढून हबल यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले, की दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून दूर जात आहे. प्रसरणशील विश्वाचा हा पहिला भक्कम पुरावा होता. मात्र त्यातून एक अडचण उभी राहिली. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते, तर पृथ्वीवरील खडक त्याहून जुने असल्याचे दिसत होते. आईपेक्षा मूल वयाने मोठे ठरावे, असाच हा प्रकार. वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये त्याचे एक मोठे कारण दाखविले. सेफीड एका नव्हे, दोन प्रकारचे असतात, आणि दोहोंना एकच माप लावल्याने अंतरे कमी भरली होती. या दुरुस्तीने विश्वाचा विस्तार एका फटक्यात दुप्पट झाला. पुढील सुधारणांनंतर देवयानी दीर्घिकेचे अंतर आता सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आणि विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

ताऱ्यांचे स्फोट, विश्वाची गती

सेफीड दिसू शकतील त्याहून दूरच्या दीर्घिका मोजण्यासाठी आणखी प्रखर दिवे लागतात. ते काम विशिष्ट प्रकारचे अतिदीप्त नवतारे करतात. सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवट श्वेत बटू नावाच्या लहान, घन गोळ्यात होतो. असा गोळा सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असू शकत नाही, हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखविले. जोडीतील ताऱ्याचे द्रव्य ओढून श्वेत बटू या मर्यादेजवळ गेला की त्याचा प्रचंड स्फोट होऊ शकतो. अशा स्फोटांचे तेज जवळपास सारखे असते. मात्र या दिव्यांचे ‘वॅट’ ठरविण्यासाठी प्रथम जवळच्या दीर्घिकांतील सेफीडचाच आधार घ्यावा लागतो.

या मार्गाने दोन संशोधक गटांनी १९९८ मध्ये धक्कादायक निष्कर्ष काढला : विश्वाचे प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढतो आहे. यासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व अ‍ॅडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र प्रश्न संपलेले नाहीत. सेफीड आणि अतिदीप्त नवतारे यांच्या साखळीने प्रसरणाचा दर सुमारे ७३ येतो, तर विश्वाच्या प्रारंभीच्या प्रारणावरून तो सुमारे ६७ येतो. (दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे प्रतिसेकंद इतके किलोमीटर, असे हे एकक आहे.) हा फरक मोजमापातील त्रुटी म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही. पदार्थविज्ञानात एखादी गोष्ट अद्याप अज्ञात आहे, की ताऱ्यांच्या मापनात काही राहून गेले आहे, यावर जगभर काथ्याकूट चालू आहे.

कुरुंदवाड ते पालोमार

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्यातून वाहत सांगलीला येते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला भेटते. तेथून हाकेच्या अंतरावर कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड हे गाव आहे. पूर्वी सांगली-मिरजेप्रमाणेच हेही पटवर्धनांचे संस्थान होते. ४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी बदलत्या आकाशाच्या अभ्यासाला नवे वळण दिले. लेखिका सुधा मूर्ती यांचे ते बंधू. हुबळीत शालेय शिक्षण व दिल्लीच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले.

बर्कली येथे विद्यार्थी असतानाच १९८२ मध्ये त्यांनी डोनाल्ड बॅकर व इतर सहकाऱ्यांसह सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा पल्सार शोधला. मिलिसेकंद पल्सारांतील तो पहिलाच. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी गामा किरणांचे स्फोट, अतिदीप्त नवतारे अशा क्षणिक घटनांवर काम केले. तारा आणि ग्रह यांच्या सीमारेषेवरील तपकिरी बटूचा १९९५ मधील पहिला निर्विवाद शोध लावणाऱ्या गटातही ते होते.

आकाशात काय बदलले, हे शोधण्यासाठी ठरावीक तारे पाहण्यापेक्षा सारे आकाशच वारंवार टिपत राहावे, ही त्यांची भूमिका. त्यातून पालोमार पर्वतावर २००९ मध्ये एक सर्वेक्षण सुरू झाले आणि २०१८ मध्ये त्याचे पुढचे रूप असलेली झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी कार्यान्वित झाली. ४८ इंची दुर्बिणीवरील तिचा कॅमेरा एका छायाचित्रात ४७ चौरस अंशांचे आकाश टिपतो. पौर्णिमेच्या चंद्राची दोनशेहून अधिक बिंबे त्यात मावतील. काही रात्रींत सारे उत्तर आकाश पालथे घालायचे व आधीच्या छायाचित्रांशी ताडून संगणकाने फरक शोधायचा, अशी ही पद्धत आहे. हबल यांनी एका काचेवर जे केले, तेच येथे दररात्री मोठ्या प्रमाणावर होते.

या सर्वेक्षणातून २०१९ मध्ये अल्गॉलचाच एक टोकाचा नमुना हाती आला : दर ६.९१ मिनिटांनी एकमेकांभोवती फिरणारी व एकमेकांना ग्रहण लावणारी श्वेत बटूंची जोडी. ग्रहणांच्या वेळा हळूहळू अलीकडे सरकत असल्याचेही दिसून आले. म्हणजेच गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा गमावून हे तारे जवळ येत आहेत. गरुड समूहात २०२० मध्ये एक तारा दहाएक दिवसांत सुमारे १०० पट तेजस्वी झाला. त्याने आपला एक ग्रह गिळल्याची ही खूण असल्याचा निष्कर्ष मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगेल, तेव्हा आतील ग्रहांचे काय होईल, याची ती झलकच होय. या कार्यासाठी कुलकर्णी यांना २०२४ चे शॉ पारितोषिक देण्यात आले.

भारतातील निरीक्षक

भारतात या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली या ताऱ्याचे रूपविकारी स्वरूप शोधून काढले. बंगालमधील जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी कोषागारात साधी नोकरी करीत. खगोलशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवून अमेरिकेतील निरीक्षक संघटनेकडे पाठविली. महाराष्ट्रात पुणे येथे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १८८८ ते १९१२ या काळात होती. तिची २० इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी निरीक्षकांना वळण लावीत आले आहे. लडाखमधील हान्ले येथे भारतीय ताराभौतिकी संस्था व मुंबई आयआयटी यांनी उभारलेली ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून अशाच क्षणिक घटनांचा पाठलाग करते.

गच्चीवरून घेता येणारा वेध

एवढी यंत्रे असताना सामान्य माणसाने डोळ्यांनी पाहून काय साधणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर आर्द्रेने दिले. शेतकऱ्याला पावसाचे नक्षत्र म्हणून ठाऊक असलेल्या आर्द्रेचा तांबूस तारा, म्हणजेच मृगातील काक्षी, २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आले. या ताऱ्याचा आता स्फोट होणार, अशी चर्चा सुरू झाली. पुढील निरीक्षणांतून त्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून धुळीचा ढग बनून प्रकाश अडल्याचे दिसले. मोठ्या दुर्बिणींना इतका तेजस्वी तारा मोजणे अवघड जाते. त्यामुळे या काळात हौशी निरीक्षकांच्या नोंदी विशेष मोलाच्या ठरल्या. आर्द्रेचा स्फोट कधीतरी होणार हे निश्चित आहे, पण तो येत्या लाखभर वर्षांत केव्हाही होऊ शकतो.

नवोदितांनी सुरुवात अल्गॉलपासून करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात संध्याकाळी ययाति समूह उत्तर आकाशात चांगला वर आलेला असतो. एरवी अल्गॉल हा देवयानीच्या गॅमा ताऱ्याइतका तेजस्वी दिसतो. ग्रहणाच्या मध्याला तो ययातीतीलच एप्सिलॉन ताऱ्यापेक्षाही मंद होतो. सोमवारी मध्यरात्री १२ वाजता तो सर्वांत मंद असेल, तर पुढची वेळ गुरुवारी रात्री ८ वाजून ४९ मिनिटांनी येईल. दर तिसऱ्या दिवशी ही वेळ ३ तास ११ मिनिटांनी अलीकडे येते. हिशोब जुळला की दोनशे वर्षांपूर्वी गुडरिकला काय वाटले असेल, याची कल्पना येते. डेल्टासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी वृषपर्वा समूह पाहावा. त्याच्या दोन्ही बाजूंना झीटा (३.४ प्रत) व एप्सिलॉन (४.२ प्रत) हे स्थिर तारे आहेत. डेल्टा कधी एकासारखा, तर कधी दुसऱ्यासारखा दिसतो. तिमिंगल समूहातील मीरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांत तिसऱ्या प्रतीपासून नवव्या प्रतीपर्यंत उतरतो व परत येतो. वर्षातील बराच काळ तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. डेव्हिड फॅब्रिसियस यांनी १५९६ मध्ये त्याची नोंद केली, तेव्हा अढळ आकाशाच्या कल्पनेलाच तडा गेला. उत्तर मुकुट समूहातील ‘टी’ हा तारा तर १८६६ व १९४६ मध्ये भडकून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत गेला होता. त्याचे आवर्तन सुमारे ८० वर्षांचे असल्याने २०२४ साली जगभर त्यावर पाळत सुरू झाली.

निरीक्षणासाठी वही, घड्याळ आणि तारकानकाशा पुरेसा आहे. द्विनेत्री असल्यास उत्तम. शेजारच्या ज्ञात प्रतीच्या ताऱ्यांशी तुलना करून अंदाज लिहावा व वेळ काटेकोरपणे नोंदवावी. आधी काय लिहिले होते, ते पाहून नवा अंदाज लिहू नये, हा यातील पहिला दंडक. पावसाळ्यात चार महिने आकाश झाकलेले असते. मात्र पर्जन्यछायेतील माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांना ढगविरहित रात्री अधिक मिळतात. जो कोरडेपणा शेतकऱ्याला जाचतो, तोच निरीक्षकाच्या मात्र पथ्यावर पडतो.

खरी अडचण वेगळीच आहे. वर उजेड फेकणाऱ्या दिव्यांनी शहरांवरचे आकाश धूसर केले आहे. साताऱ्यात वा सांगलीत भर वस्तीतून डेल्टा ओळखणे कठीण होऊ लागले आहे. दिव्यांना झाकण बसवून प्रकाश केवळ जमिनीवर पाडला, तर वीजही वाचेल आणि आकाशही. नगरपालिका, महापालिका आणि गृहनिर्माण संस्था यांना हे सहज शक्य आहे. गुडरिकने अल्गॉल पाहिला तो यॉर्क शहरातच राहून. चौथ्या प्रतीचे तारे भर वस्तीतून दिसेनासे झाले, तर तसे निरीक्षण करण्याची संधीच आपल्या गावांतील मुलांना उरणार नाही. येत्या हिवाळ्यात अल्गॉलची एक फेरी वहीत नोंदवून पाहावी. त्यासाठी घरातला दिवा तासभर मालवावा लागेल, एवढेच.